पाळलेला साप किती वेळा हातात घ्यावा? तुमचे अनुभव सांगा

नवा साप घरी आला की पहिला प्रश्न 'खातो काय' आणि दुसरा 'हातात कधी घ्यायचा'. पहिल्याचं उत्तर कुठेही मिळतं. दुसऱ्याला मात्र जो तो आपापला आकडा सांगतो: कोणी रोज, कोणी आठवड्यातून दोनदा, तर कोणी म्हणतं मुळात घ्यायचाच कशाला. म्हणून हा धागा. साप कोणता, वय काय आणि 'आता पुरे' हे तुम्हाला कशावरून कळतं, तेही लिहा. नुसता आकडा नको. विषारी आणि रानातून धरून आणलेले साप इथे नकोत. कायद्याने पाळता येणारे, बंदिस्त जागेत पैदास झालेले साप, एवढाच विषय.

सुरुवात मीच करते. माझा कॉर्न स्नेक, नर, पूर्ण वाढलेला. आठवड्यातून एक-दोन वेळा, पंधरा-वीस मिनिटं. जेवण झालं की दोन दिवस हात लावत नाही, उंदीर मोठा असेल तर तिसरा दिवसही सोडते. हातात घेतल्यावर माझं लक्ष त्याच्या जिभेकडे असतं. निवांत असला की जीभ सावकाश बाहेर येते, वर-खाली हलते, आत जाते, आणि तो बोटांमधून सैलसर सरकत राहतो. बिनसलं की जीभ थांबते, अंग ताठरतं, मान इंग्रजी एससारखी मागे ओढली जाते आणि शेपटीचं टोक थरथरायला लागतं. शेपटीपर्यंत मी वेळ येऊ देत नाही. अंग ताठरलं की साप पेटीत.
– वेलदोडा

बॉल पायथनवाल्यांनी वरचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. कॉर्न घाबरला की पळायला बघतो, ते दिसतं तरी. बॉल पायथन घाबरला की अंगाचा गोळा करतो आणि डोकं आत खुपसून बसतो. लोकांना वाटतं, किती गरीब साप! गरीब नाही हो, भेदरलेला असतो. माझी मादी हातात घेतल्यावर मिनिटभरात गोळा उलगडून इकडेतिकडे जीभ काढायला लागली नाही, तर त्या दिवशीचं हाताळणं तिथेच संपतं. दिवसा लपणीतून उपसून काढत नाही. संध्याकाळी ती आपण होऊन बाहेर आली की घेतो, दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा.

आणखी एक. जेवण सोडलं की सगळे हाताळण्याला दोष देतात. मोठे बॉल पायथन थंडीच्या किंवा जोडीच्या काळात काही महिने खात नाहीत, हे त्यांच्यात चालतंच. त्या काळात मी वजन बघतो. टिकून असेल तर चिंता करत नाही, पण हाताळणं कमी करतो. वजन उतरायला लागलं तर आधी पेटीचं तापमान तपासायचं. उबेची बाजू ३१-३२ अंशांवर नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ.
– निशाचर

निशाचरदादांना अनुमोदन. नव्या सापाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात: आणल्यावर एक-दोन आठवडे फक्त पाणी बदलायचं आणि लांबून बघायचं. दोन-तीन जेवणं नीट जिरल्याशिवाय हात नाही. पिल्लं तर आपल्याला शिकारीच समजतात, त्यांना पाच मिनिटं पुष्कळ.
– अबोली

आमच्याकडे जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी पाहुण्या मंडळींसमोर भाच्याने कॉर्नला बाहेर काढलं. हौस दुसरं काय. पोटाचा फुगवटा स्पष्ट दिसत होता. या हातातून त्या हातात असं चाललं होतं, आणि रात्री पेटीत अर्धवट पचलेला उंदीर पडलेला. वास असा की खोलीत थांबवेना.

सापाचं ओकणं म्हणजे आपल्यासारखी उलटी नव्हे, ते त्याला फार महागात पडतं. पोटातला आम्लरस बाहेर येतो, घसा पोळतो, अंगातलं पाणी जातं. लगेच दुसरा उंदीर दिला तर तोही बाहेर येण्याची भीती असते. डॉक्टरांनी सांगितलं: दहा ते चौदा दिवस उपास, पाणी मात्र ताजं, हात अजिबात नाही. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य, तेही जिरलं तर हळूहळू मूळ आकारावर. त्याप्रमाणे केलं, साप सावरला. ओकण्याचं कारण दर वेळी हाताळणंच असतं असं नाही. पेटी गार पडणं, भक्ष्य अति मोठं असणं, परजीवी, हेही असतं. पुन्हा ओकला तर घरगुती उपाय न करता दाखवून आणा. आता जेवणाच्या दिवशी पेटीवर चिठ्ठी लावतो, भाचाही ती वाचतो.
– मुक्काम_पोस्ट

मुक्कामभाऊ, चिठ्ठीची युक्ती उचलली. माझ्याकडे दुसरी चिठ्ठी कातीची. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कात जवळ आली की जुन्या-नव्या थरांमध्ये द्रव साठतो आणि डोळे चष्म्यावर वाफ धरल्यासारखे निळसर-दुधाळ होतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. एरवी गोगलगाय असलेला किंगस्नेकही तेव्हा फिसकारतो. फसगत पुढे होते: डोळे पुन्हा स्वच्छ होतात, लोकांना वाटतं झालं. झालेलं नसतं, कात त्यानंतर काही दिवसांनी पडते. ती अखंड निघाली, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट निघाली, हे उलगडून बघते आणि मगच साप हातात.
– दहिवर

मी थोडं विरुद्ध लिहिते. माझा ग्रीन ट्री पायथन मी हौसेने कधीच हातात घेत नाही. फांदीवर वेटोळं घालून बसणारा प्राणी तो, पेटी साफ करायची तर फांदीसकट उचलून बाजूला ठेवते. त्याचं काही बिघडलेलं नाही, माझंही नाही. हाताळणं ही सापाची गरज नाही. त्याला हाताची सवय हवी, ती डॉक्टरांकडे नेताना आणि साफसफाईला झटापट होऊ नये म्हणून. तेवढी सवय कशी लावायची, ते जातीवर आणि त्या एकेका सापावर आहे.
– भटकभवानी

भवानीताई, पटलं, पण पूर्ण नाही. माझा कॉर्न रोज दहा मिनिटं हातात असतो आणि नीट खातो-पितो. पेटी उघडली की स्वतः बाहेर येतो. त्याला आवडतं!
– टिवटिव

टिवटिव, बाहेर येतो तो नवा वास, नवी जागा धुंडाळायला. हाताची भीती गेलीय एवढं नक्की, आणि ते चांगलंच आहे. माझ्या हॉगनोज सापाचं उलट आहे. तो मान चपटी करतो, फूत्कारतो, तरी सोडलं नाही तर पालथा पडून तोंड उघडून मेल्याचं सोंग घेतो. सरळ केला तर पुन्हा पालथा! लोक हे व्हिडिओसाठी मुद्दाम करायला लावतात, त्यांना दोन रट्टे द्यावेसे वाटतात. तो त्याचा शेवटचा बचाव आहे, करमणूक नाही.
– निशाचर

चावण्याबद्दल कोणीच लिहीत नाही, सगळ्यांचे साप संत दिसतात. बरेच चावे रागाचे नसून भुकेचे असतात. हाताला उंदराचा वास, त्यात बॉल पायथनच्या ओठांवरच्या खळग्यांना हाताची ऊब जाणवते, मग काय, तुटून पडणारच. मी आधी हात धुते, मग हुकने (साप उचलायच्या आकड्याने) अंगाला हलकेच स्पर्श करते. हुक लागला म्हणजे जेवण नाही, हे कळायला त्यांना वेळ लागत नाही. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका, शिकारी पक्षी तसाच येतो. बाजूने, अंगाच्या मधल्या भागाखाली हात घालून उचला. शेपटीला धरून लोंबकळवणं तर नाहीच. मोठा बोआ असेल तर सोबत दुसरं माणूस हवं आणि साप गळ्यात नको, कितीही लाडका असो.

नंतरही हात साबणाने धुवा. धडधाकट सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना आमच्याकडे लांबूनच दर्शन.
– अबोली

माझा एक प्रश्न: वजन करणं, औषध देणं, पेटी धुताना डब्यात हलवणं हे तुम्ही मोजता का?
– टिवटिव

मोजते. सापाला सगळं सारखंच, उचललं म्हणजे उचललं. आठवड्यात पेटी धुतली आणि वजन केलं, तर हौसेची पाळी रद्द. अंगावर गोचिडांसारखे बारीक किडे (माइट) झाले आणि औषधाला रोज हात लावावा लागला, तेव्हा महिनाभर एरवी घेतलाच नाही. वजन आणि सफाई एकाच खेपेत उरकली की एक पाळी वाचते, तसं बघा.
– वेलदोडा