भीमगडात नको, मालकीच्या रानात घ्या

दादा, जंगलात तग धरायला शिकवायच्या कोर्ससाठी वीस जणांना घेऊन कर्नाटकात बेळगावकडच्या भीमगडात दोन रात्री राहायचं, चूल पेटवायची, फांद्या तोडून निवारा करायचा, असं म्हणताय. पण भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथं जाळ करणं नि लाकूड तोडणं गुन्हा, आणि तुमचा निम्मा कोर्स तोच! त्यापेक्षा जांबोटी-कणकुंबीकडं कुणाचं मालकीचं रान बघा. मालकाची लेखी परवानगी घ्या, वनखात्याला कन्नडमधून अर्ज द्या, कामं लवकर होतात.

महिना नोव्हेंबरच धरा. पावसाळ्यात कणकुंबीला ओली काटकी पेटेपर्यंत जळवा मोज्यात शिरलेल्या असतात. जानेवारीनंतर गोचिडांचा त्रास, त्यातून माकडतापाची भीती.

सापाचं मात्र हलक्यात घेऊ नका. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालते, चापड्यावर (झाडाझुडपातला विषारी साप) नाही. चावलं तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. अवयव फळीला बांधून हलू न देता दवाखाना गाठायचा. एक गाडी रस्त्याकडं तोंड करून रात्रभर उभी ठेवा, ड्रायव्हर पिणारा नको. रेंजचा भरवसा नाही, कुठल्या टेकाडावर फोन लागतो ते आधीच बघून ठेवा.