मिस्सेतल्या संगीताचे सोवळे नेमके केव्हापासूनचे?

पश्चिमवारा:
काल येथे एका सदस्याने लिहिले की, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1962 ते 1965 च्या कॅथलिक धर्मपरिषदेपर्यंत, कॅथलिक उपासनेतले संगीत निर्मळ होते आणि लोकभाषेतल्या गाण्यांबरोबर बाजार देवळात शिरला. हे वाचून राहवले नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ‘लॉम आर्मे’, म्हणजे ‘शस्त्रधारी माणूस’, या फ्रेंच गाण्याच्या चालीवर चाळीसच्या आसपास मिस्सा, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठीच्या संगीतरचना, रचल्या गेल्या. ते गाणे भक्तिगीत नव्हते. शस्त्रधाऱ्याची धास्ती बाळगा, चिलखत चढवा, असे सांगणारे ते लौकिक गाणे होते. पंधराव्या शतकातला संगीतकार द्युफाई याने तर स्वतःच्याच प्रेमगीताची चाल मिस्सेसाठी घेतली. ज्या पालेस्त्रीनाला, सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराला, आपण शुद्धतेचा दाखला मानता, त्यानेही ‘लॉम आर्मे’वर दोन मिस्सा रचल्या आहेत.

ऑर्गनप्रेमी:
तो मजकूर माझा आहे. आपला तपशील बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या मिस्सांमध्ये उसनी चाल बहुधा टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या उंच पट्टीच्या, आवाजात, लांबवलेल्या स्वरांत येते आणि इतर आवाज तिला असे वेढून टाकतात की ऐकणाऱ्याला मूळ गाणे आठवत नाही. घराच्या पायातला दगड जसा दिसत नाही, तशी ती असते. तरीही ख्रिस्तसभेला हे खटकलेच. 1562 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, ऑर्गनवादनात वा गायनात जे चवचाल आणि अशुद्ध मिसळलेले असेल ते देवळाबाहेर ठेवण्याचा आदेश दिला. पालेस्त्रीनाने 1584 साली बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्यावरच्या रचना पोपना अर्पण करताना, आपण पूर्वी प्रेमकवितांना चाली लावल्याची लाज वाटते, असे स्वतः लिहून ठेवले. त्याला दिसलेली सीमा आपल्याला का दिसू नये?

पश्चिमवारा:
ती लाज व्यक्त केल्यावर दोनच वर्षांनी, 1586 साली, त्याने लौकिक माद्रिगालांचा, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या इटालियन गीतांचा, दुसरा संग्रह प्रसिद्ध केला. सीमा असेलही, पण ती त्याच्या घरातून रोज ओलांडली जात होती.

वसईची लेक:
आपण दोघे चालीवर भांडत आहात, पण गाण्याचा अधिकार कोणाला होता हे कोणीच विचारत नाही. पोप दहाव्या पायस यांचे चर्चसंगीतावरचे 22 नोव्हेंबर 1903 चे फर्मान सगळे शुद्धतावादी डोक्यावर घेतात. त्यात पियानो, ढोल आणि झांजा यांना मनाई आहे. पण गायकाचे काम ही उपासनेतली खरी सेवा असल्यामुळे स्त्रियांना गायकवृंदात घेता येणार नाही, उंच स्वर हवा असेल तर मुलगे घ्यावेत, असेही त्यातच आहे. त्याआधी सुमारे तीनशे वर्षे तो उंच स्वर व्हॅटिकनमधल्या पोपच्या सिस्टीन चॅपलमध्ये वयात येण्याआधीच खच्ची केलेल्या पुरुषांकडून मिळवला जात होता. अशाच एका गायकाच्या, मोरेस्कीच्या, आवाजाच्या 1902 आणि 1904 च्या ध्वनिमुद्रिका आहेत. मी त्या ऐकल्या, तेव्हा मला संगीत ऐकूच येईना. कोणा एका लहान मुलाचे काय केले गेले, एवढेच डोळ्यांपुढे येत राहिले.

माझ्या आजीला लातीन मिस्सा तोंडपाठ होती. तिच्या आवाजाची साऱ्या आळीत ख्याती होती, पण गाणाऱ्यांच्या सज्ज्यात तिला कधी जागा मिळाली नाही. ती भात लावताना शेतात क्रेदो, म्हणजे मिस्सेतली श्रद्धेची प्रार्थना, गायची. आपल्या निर्मळ काळाचा हिशेब मांडताना तेही धरा.

ऑर्गनप्रेमी:
विषय वाद्यांचा आणि चालींचा होता, तो आपण कुठे नेलात? कॅस्ट्राटोंची, म्हणजे त्या खच्ची केलेल्या गायकांची, प्रथा त्याच पायस यांच्या काळात मोडीत निघाली, हे सांगायला आपण विसरलात. मी ऑर्गनवर आयुष्याची चाळीस वर्षे घालवली आहेत. मी कोणाला खच्ची केलेले नाही.

वसईची लेक:
आपल्यावर आरोप कोणी केला? मोडीत निघाली हे मान्य. पण त्याच हाताने माझ्या आजीसाठी दारही लावले गेले, आणि ती अर्धी गोष्ट आपण गाळता, म्हणून मी चिडले.

जुना क्वायरवाला:
दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेवरच्या 4 डिसेंबर 1963 च्या ज्या दस्तऐवजाला दोष दिला जातो, त्याचे 116 वे कलम इतर गोष्टी समान असताना ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे जुन्या एकसुरी लातीन गायनाला, प्रथम स्थान देते, आणि 119 वे कलम मिशनभूमीतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगते. प्रत्येक जण आपल्या सोयीचे कलम वाचतो. आपल्याकडे तर गोव्यातले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी 1616 सालीच ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून आणले. ज्ञानोबांची ओवी ख्रिस्तचरित्राला चालली, तर तबला का चालत नाही, हे मला कोणी नीट समजावून सांगावे.

ऑर्गनप्रेमी:
ओवीवर माझा आक्षेप नाही. ती आधीच प्रार्थनेची भाषा होती. आजीबद्दल जे लिहिलेत, त्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही आणि ‘निर्मळ’ हा शब्द मी मागे घेतो. बाकीचे मागे घेत नाही. गेल्या नाताळात अर्पणाच्या वेळी एका चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बदलून गायले गेले, आणि माझ्या शेजारच्या बाकावरची मुले मूळ शब्दच गुणगुणत होती. तिथे चाल पायात गाडली गेली नव्हती, ती उघडी उभी होती.

वसईची लेक:
त्या चालीबाबत मी आपल्या बाजूने आहे. पण ती बदलायला सांगायला जाल, तेव्हा गाणाऱ्या मुलींना सज्ज्यावरून खाली उतरवू नका. त्यांना आजीचा क्रेदो शिकवायला मी येते, ऑर्गनवर आपण बसा.