४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे नेमके काय?

ए-१०४, सकाळी ८.५०
नमस्कार. आमच्या मुलीला फर्मागुडीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला असून चवथीच्या आधी तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. काल फोंड्यातल्या एका दुकानात तीन लॅपटॉप पाहिले: एक आय३-१२१५यू प्रोसेसरचा, दुसरा आय५-१२३५यूचा आणि तिसरा रायझन ५ ५५००यूचा. दुकानदाराचे म्हणणे असे की पहिले दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झचे असल्यामुळे आय५साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही आणि रायझन ४.०चाच असल्याने त्याचा विचारही करू नये. सी-३०२चे दादा, आपले मत काय?

सी-३०२, सकाळी ९.३५
वहिनी, दुकानदाराने सांगितलेले आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके, ४.४ म्हणजे ४४० कोटी. एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्या आकड्यात कुठेच नसते. रायबंदर-चोडण फेरीबोटीने दिवसभरात किती फेऱ्या मारल्या एवढेच कळले, तर किती गाड्या पलीकडे गेल्या हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

१२१५यूमध्ये दोन ताकदीचे आणि चार काटकसरी असे सहा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर १२३५यूमध्ये दोन ताकदीचे आणि आठ काटकसरी. ४.४ हा आकडा दोन्हीकडे फक्त त्या दोन ताकदीच्या कोअरचा, आणि तोही कमाल. काटकसरी कोअर ३.३च्या पुढे जात नाहीत. म्हणजे स्टिकरवरचा आकडा तोच राहिला आणि आत काम करणारे चार हात वाढले. रायझनची गोष्ट आणखी मजेची आहे. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात तो या दोघांच्या मागे पडतो, आणि ४.० व ४.४ मधल्या दहा टक्क्यांपेक्षा बराच जास्त मागे पडतो, कारण त्याच्या कोअरची रचना जुनी आहे. पण त्याचे सहाही कोअर सारख्याच ताकदीचे असल्यामुळे सगळे एकदम कामाला लागले की तो त्या आय३ला सहज गाठतो.

बी-२०१, सकाळी १०.०५
आम्ही तर कायम मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झ पाहूनच कॉम्प्युटर घेतले. ती काय चूक होती?

सी-३०२, सकाळी १०.४०
काका, एकाच घराण्यातले, एकाच पिढीतले दोन प्रोसेसर असतील, तर तो आकडा तेव्हाही उपयोगी होता आणि आजही आहे. घराणे बदलले की घोळ होतो. २००० साली इंटेलचा पेन्टियम ४ आला तो मुळात घड्याळ पळवण्यासाठीच घडवलेला होता. प्रत्येक सूचनेच्या कामाचे वीस टप्पे पाडले होते, आणि २००४च्या आवृत्तीत ते एकतीस झाले. टप्पा छोटा असला की ठोका जलद मारता येतो, पण पुढे कोणती सूचना येणार हा अंदाज चुकला की अर्धवट झालेले सगळे काम टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि टप्पे जितके जास्त तितके नुकसान जास्त. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने २००१ मध्ये आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे १५३० मेगाहर्ट्झच्या, अॅथलॉन प्रोसेसरला चक्क ‘१८००+’ असे नाव दिले, कारण खरा आकडा छापला असता तर गिऱ्हाइकाने हातही लावला नसता. इंटेलची धाव ३.८ वर थांबली. ४ गिगाहर्ट्झचा बेत २००४ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण उष्णता आवरेना. मग २००६ मध्ये त्यांचाच २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ आला आणि त्याने त्या ३.८वाल्याला मागे टाकले. मी स्वतः त्याच्या जेमतेम वर्षभर आधी ३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ मोठ्या अभिमानाने घरी आणला होता. त्याच्या पंख्याच्या आवाजात बातम्या ऐकू येत नसत.

ए-१०४, सकाळी ११.१५
मग दुकानात नेमके काय विचारायचे?

सी-३०२, सकाळी ११.५०
आधी रॅम (चालू कामाची माहिती ठेवणारी मेमरी) आणि डिस्क (कायमची साठवण) विचारा. प्रोसेसरला हवी ती माहिती जवळच्या कॅशमध्ये (प्रोसेसरमधल्याच छोट्या, जलद मेमरीत) सापडली नाही, तर रॅमपर्यंत जाऊन येण्यात साधारण १०० नॅनोसेकंद जातात. ४ गिगाहर्ट्झला तेवढ्यात ४०० ठोके वाया गेले, म्हणजे इंजिन चालू ठेवून बोट धक्क्यावरच उभी. रॅम पुरली नाही आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कपर्यंत जावे लागले, तर मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर नुसती चकती योग्य जागी फिरून येण्यातच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. ते झाले दोन कोटींहून जास्त ठोके! त्यामुळे एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली जलद डिस्क, हवीच.

दुसरे म्हणजे, ४.४ हा काही क्षणांचा वेग आहे. आय५-१२३५यूची वीज वापरण्याची मूळ मर्यादा १५ वॅटची आहे आणि सगळे कोअर बराच वेळ राबू लागले की वेग खाली येतो. किती खाली, हे लॅपटॉपचा पंखा आणि जाडी ठरवते. गेल्या मे महिन्यात बाल्कनीत बसून मी माझ्या पातळ लॅपटॉपवर एक व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला लावला आणि प्रोसेसरचा वेग दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून ठेवला. सुरुवातीला ४.१ दिसत होते, आणि चहा संपेपर्यंत २.२. खालची बाजू मांडीवर ठेवण्यासारखी राहिली नव्हती.

ए-१०४, दुपारी १२.२०
आत्ताच दुकानात फोन केला. एसएसडी तिन्हींत आहे. आय३ आणि रायझनमध्ये ८ जीबी रॅम असून ती बोर्डावरच जोडलेली आहे, वाढवता येणार नाही. आय५मध्येही ८च आहे, पण एक जागा रिकामी आहे.

सी-३०२, दुपारी १२.२५
मग आय५ घ्या आणि त्या रिकाम्या जागी आणखी ८ जीबी आजच बसवून मागा. शनिवारी मी मोकळा आहे, हवे तर सोबत येतो.