पाण्यातून काढलं आणि हवेत सोडलं, ही सफाई म्हणायची का?

कोरडा आड
भूजलात ट्रायक्लोरोइथिलीन (कारखान्यांत धातूवरचं तेल-ग्रीस काढायचं द्रावण) किंवा बेंझिन (पेट्रोलमधलं एक द्रव्य) सापडलं की पहिला उपाय ठरलेला असतो. पाणी उपसायचं, मनोऱ्यात वरून सोडायचं आणि खालून हवेचा झोत मारायचा. ही द्रव्यं मुळातच उडून जाणारी. ती हवेबरोबर निघून जातात आणि पाण्याचा अहवाल स्वच्छ येतो. पण मनोऱ्याच्या तोंडातून जे बाहेर पडलं त्याचं काय? बेंझिन पाण्यातून जावो की श्वासातून, अस्थिमज्जेला इजा करतं आणि त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. हवेतल्या बेंझिनची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग मनोऱ्यापलीकडे राहणाऱ्यांचं काय चुकलं? माझं म्हणणं एवढंच, की बाहेर पडणाऱ्या हवेला कार्बनची गाळणी नसेल तर मनोरा सुरूच करू नये.

पंप आणि पाना
तळमळ कळते, पण निष्कर्ष पटत नाही. जमिनीखाली ना ऊन ना वारा. तिथे ट्रायक्लोरोइथिलीन दशकानुदशकं टिकतं. हवेत मात्र उन्हामुळे तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिक्रियाशील कण त्याला मोडतात, साधारण आठवड्याभरात प्रमाण निम्म्यावर येतं. बेंझिनला थोडे जास्त दिवस लागतात. म्हणजे आपण घाण नुसती इकडून तिकडे ढकलत नाही, ती जिथे मोडते तिथे पाठवतो.

आणि थांबण्याची किंमत? अमेरिकेत कॅम्प लेजून या लष्करी तळावर १९५३ ते १९८७ या काळात सैनिकांच्या कुटुंबांच्या नळाला हीच द्रव्यं मिसळलेलं पाणी येत होतं. ट्रायक्लोरोइथिलीनची अमेरिकेतली पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आज लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशोब करून पाहा, एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतं. गाळणी मंजूर होईपर्यंत लोकांनी हे पाणी प्यायचं का?

कोरडा आड
प्यायला दुसरं पाणी आणून द्या, ते पहिल्या दिवशीच करायला हवं. नुसतं पिण्याचंही नाही, कारण गरम पाण्याने आंघोळ करताना हीच वाफ नाकात जाते. पण तुमचा आठवडा मोकळ्या वातावरणातला आहे. शेजारच्या खिडकीत वाफ शिरायला काही मिनिटं पुरतात. तिथे राहणाऱ्या बाईला आठवड्याचा हिशोब कसा सांगणार?

मातीतला
तुम्ही दोघंही उपशातच अडकलात. बेंझिन जमिनीतले जिवाणू खातात, फक्त प्राणवायू हवा. ट्रायक्लोरोइथिलीनला उलट प्राणवायू नसलेली जागा लागते. तिथे डिहॅलोकोकॉइड्स हे जिवाणू त्यातला एकेक क्लोरीन काढत शेवटी निरुपद्रवी इथीन उरवतात. त्यांना खाद्य म्हणून वनस्पती तेल किंवा लॅक्टेट जमिनीत सोडायचं. ना मनोरा, ना वाफ.

पंप आणि पाना
मधला टप्पा का गाळलात? योग्य जिवाणू नसले किंवा खाद्य संपलं तर गाडी व्हिनाइल क्लोराइड या मधल्या द्रव्यावर अडते, आणि ते माणसात कर्करोग घडवणारं म्हणून सिद्ध झालेलं आहे. सुरुवातीपेक्षा वाईट अवस्था! मी जिवाणूंच्या विरोधात नाही. पण 'सोडा आणि विसरा' हे चालणार नाही.

मातीतला
मान्य. म्हणूनच इथीन दिसेपर्यंत मोजणी थांबवायची नसते. पण उपसून काय साधतं तेही सांगा. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. ते खाली जाऊन चिकणमातीच्या फटींत बसतं. पंप बंद केला की पुन्हा झिरपून वर हजर. तीस-तीस वर्षं पंप चालतात ते यामुळेच.

बाटलीवाली
मी नमुने घेते, म्हणून राहवलं नाही. या द्रव्यांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. पाणी हळू ओतायचं, काठावर फुगवटा येईपर्यंत, मग झाकण लावायचं. कुपी उलटी करून टिचकी मारायची. एक बुडबुडा जरी वर सरकला तरी नमुना फेकायचा, कारण द्रव्य त्या बुडबुड्यात निघून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. एका ठिकाणी मला आधीचा 'स्वच्छ' अहवाल दाखवला होता. जुने नमुने कसे घेतले विचारलं, तर साध्या बाटल्या, अर्ध्या भरलेल्या! त्या अहवालावर विसंबून माणसं ते पाणी वापरत राहिली होती. मला आजही त्याचा राग येतो.

आणि वासावर जाऊ नका. नाकाला ट्रायक्लोरोइथिलीन कळतं तेव्हा प्रमाण घातक पातळीच्या कितीतरी वर गेलेलं असतं. माझ्या मते मनोऱ्याआधी दूषित भूजलावर बसलेल्या घरांची जोती तपासा. वाफ जमिनीतून तडे आणि नळांच्या फटींमधून घरात शिरते. जमिनीखालून हवा ओढून घेणारा नळ आणि पंखा बसवला की घरातलं प्रमाण झपाट्याने उतरतं. पाण्याच्या सफाईला वर्षं लागतील, या कामाला दिवस पुरतात.

कोरडा आड
जोत्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच नव्हता, आणि तो पहिला यायला हवा. जिवाणूंनाही माझी हरकत नाही. मनोऱ्यावर मात्र मी ठाम आहे.

पंप आणि पाना
मग गाळणीचंही नीट करा. नुसता कार्बन बसवून भागत नाही. तो भरला की द्रव्य सरळ आरपार जातं आणि बाहेरून काही कळत नाही. व्हिनाइल क्लोराइड तर त्यात नीट धरलंच जात नाही. एकापाठोपाठ दोन टाक्या ठेवा आणि दोन्हींच्या मधल्या हवेचा नमुना ठरावीक दिवसांनी घ्या. तिथे द्रव्य दिसलं की पहिली टाकी बदलायची, दुसरी अजून राखण करत असते. एवढं लिहून देत असाल तर तुमच्या अटीला माझा विरोध नाही.

कोरडा आड
देतो लिहून. पण मधल्या नमुन्याचे आकडे शेजारच्या घरांनाही त्याच दिवशी कळायला हवेत.