लेड स्लेडसारख्या धक्का शोषणाऱ्या रेस्टमुळे स्कोप आणि लाकडी दस्ता खराब होतो का?

प्रश्न — कोरं_टार्गेट

रायफल .३०-०६, बोल्ट अ‍ॅक्शन, अक्रोडाचा दस्ता. बेडिंग (अ‍ॅक्शन, म्हणजे नळीमागची यंत्रणा, लाकडात नीट बसावी म्हणून इपॉक्सीचा थर) केलेलं नाही, पिलरही (अ‍ॅक्शन स्क्रूंभोवतीच्या धातूच्या नळ्या) नाहीत. स्कोप आणि रिंगांसकट वजन ४ किलो. गोळी १८० ग्रेनची. बाकावर बसून एका बैठकीत २०-२५ फैरी झाडायच्या म्हटलं की खांदा बोलायला लागतो आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) पसरतो तो त्यामुळेच. म्हणून ट्रेमध्ये शिशाच्या पिशव्या ठेवायची सोय असलेला रेस्ट (रायफल टेकवायची चौकट) घ्यायचा विचार आहे.

वाचावं तितकं उलटसुलट सापडतं. काही म्हणतात, धक्का खांद्यात गेला नाही तर दस्ता फोडणारच. काही म्हणतात, रायफल हललीच नाही तर स्कोपला त्रास कसला? नक्की काय होतं, का होतं, आणि वापरायचाच तर कसा वापरावा?

प्रतिसाद १ — ज्यूल

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. आधी आकडे मांडू, मग भांडू.

तुमच्या काडतुसात गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू मिळून रायफलला मागे साधारण १४ न्यूटन-सेकंद इतका संवेग देतात. रेस्ट कुठलाही असो, हा आकडा बदलत नाही. बदलतो तो मागे ढकललं जाणारं वजन किती यावर अवलंबून असलेला वेग, आणि वेगाबरोबर ऊर्जा:

नुसती रायफल, ४ किलो: वेग सेकंदाला ३.५ मीटर, ऊर्जा सुमारे २४ ज्यूल.
रायफल आणि ८ किलोचा रिकामा रेस्ट: ८ ज्यूल.
त्यावर १० किलो शिसं: ४.५ ज्यूल.
त्याऐवजी ४५ किलो शिसं: १.७ ज्यूल.

तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतला फरक बघा. ३५ किलो शिसं जास्तीचं उचलून ठेवायचं आणि पदरात तीन ज्यूलसुद्धा पडत नाहीत. खांद्याला तो फरक कळतही नाही. दस्त्याला मात्र कळतो, कारण इतकं वजन टाकल्यावर रेस्ट बाकावरून सरकायचाच थांबतो आणि दस्त्याच्या मागे भिंत उभी राहते.

आता स्कोप. गोळी नळीत जेमतेम एक-सव्वा मिलिसेकंद असते. तेवढ्या वेळात रायफल फक्त २ मिलिमीटर मागे येते. बटाचं रबर एवढं सहज दाबलं जातं, त्यामुळे पहिला तडाखा खांद्यावर आणि रेस्टवर जवळपास सारखाच बसतो. कमाल दाब ४,१०० बारच्या आसपास धरला तर ४ किलोच्या रायफलला क्षणभर गुरुत्वाच्या ५०० पट त्वरण मिळतं. ४५० ग्रॅमचा स्कोप त्या क्षणी रिंगांवर दोनशे किलोहून जास्त भार टाकतो. हे रेस्टमुळे होत नाही आणि रेस्टमुळे टळतही नाही.

फरक पडतो तो यानंतर, म्हणजे रायफल थांबते कशी त्यात. खांदा मागे जातो, ४० मिलिमीटर धरा. एवढ्या अंतरात सेकंदाला ३.५ मीटर वेगाची वस्तू थांबवायला गुरुत्वाच्या १६ पट त्वरण पुरतं. जड रेस्टच्या कडक मागच्या टेकूवर तीच रायफल ३ मिलिमीटरमध्ये थांबली तर हा आकडा २०० पटीवर जातो, आणि तोही उलट दिशेने. स्कोपला आधी मागचा झटका, लगेच पुढचा. (बळ शेवटपर्यंत एकसारखं आहे असं धरून काढलेला हिशोब आहे, खरं शिखर याच्याही वर असतं.)

प्रतिसाद २ — खाचखळगे

वरच्या हिशोबाशी सहमत. दस्त्याचं मी सांगतो, कारण मोडतो तो बहुतेक वेळा दस्ताच.

खांद्यावरून झाडताना रिकॉइल लगला (अ‍ॅक्शनखालचा, धक्का दस्त्याला देणारा ठोकळा) मुख्यत्वे दस्त्याचं स्वतःचं वजन मागे ढकलायचं असतं. खांदा वाट देतो. कडक रेस्टवर दस्त्याचं बूड अडकलेलं असतं आणि वरून नळी, अ‍ॅक्शन, स्कोप असं तीन किलोचं लोखंड मागे येत असतं. दस्ता या दोघांच्या मधे चेपला जातो. चेपलं जाणं लाकडाला झेपतं, अट एवढीच की भार लगच्या पूर्ण रुंदीवर बसला पाहिजे. कारखान्यातून आलेल्या, बेडिंग नसलेल्या दस्त्यात तो बरेचदा एका कोपऱ्यावर बसलेला असतो.

तडा कुठे जातो ते ठरलेलं आहे. पहिली जागा टँगच्या मागे. अ‍ॅक्शनची ही शेपटी लाकडाला घट्ट चिकटलेली असेल तर लगच्या आधी तीच भार घेते आणि पाचरीसारखी दस्ता उभा चिरत जाते. दुसरी, लगच्या मागची भिंत, विशेषतः तिथून मॅगझिनच्या खाचेपर्यंत लाकूड पातळ असेल तर. तिसरी, मूठ धरतो तो बारीक भाग; तिथे रेषे तिरके गेलेले असतील तर तडा रेषेबरोबर बाहेर निघतो. आणि एक जागा कुणी बघतच नाही: बटाच्या खालच्या टोकाजवळचा पट्ट्याचा स्टड. तो रेस्टच्या कपाच्या कडेला अडकला की सगळा धक्का त्या एका स्क्रूवर येतो आणि टोकाचा तुकडा उडतो. रेस्टवर ठेवण्याआधी दोन्ही स्टड काढून ठेवा, मिनिटभराचं काम आहे.

पोकळ प्लास्टिकचे दस्तेही यातून सुटत नाहीत, ते मुठीजवळ वाकतात. दोन तुकड्यांचा दस्ता, म्हणजे लिव्हर अ‍ॅक्शन किंवा मोडून भरायची बंदूक, वजन टाकलेल्या रेस्टवर ठेवूच नये असं माझं मत. तिथे मागचा तुकडा जेमतेम टँगवर उभा असतो.

प्रतिसाद ३ — दहावी_रिंग

दस्त्याचं मान्य. पण स्कोपचा बाऊ होतोय असं वाटतं. चांगला स्कोप .३७५ वरही (.३०-०६ हून जोरदार काडतूस) टिकतो, मग रेस्टवर का मोडेल? माझ्या मते रेस्टच्या नावावर खपवलेल्या स्कोपच्या निम्म्या तक्रारी सैल रिंगांच्या असतात.

प्रतिसाद ४ — ज्यूल

@दहावी_रिंग, रिंगांबद्दल शंभर टक्के. पण .३७५ चा धक्का एकाच दिशेचा असतो. स्प्रिंग-पिस्टनच्या एअर रायफलीचं उदाहरण घ्या. तिचा धक्का .३०-०६ च्या पासंगालाही पुरत नाही, तरी जोरदार धक्क्याच्या रायफलीवर वर्षानुवर्षं चालणारा स्कोप तिच्यावर खराब होऊ शकतो. कारण तिथे पिस्टन पुढे जाऊन आपटतो आणि झटका दोन्ही दिशांनी येतो. म्हणूनच एअर रायफलीसाठी वेगळे स्कोप विकले जातात. स्कोपच्या आत इरेक्टर ट्यूब (आतली भिंगांची नळी) एका स्प्रिंगने टरेटच्या (क्लिक देऊन नेम जुळवायच्या चकत्यांच्या) स्क्रूंवर दाबून धरलेली असते, भिंगं कड्यांनी अडवलेली असतात. उलट झटका या सगळ्याला ज्या बाजूने आधार कमी आहे तिकडून बसतो.

लगेच काही फुटत नाही. लक्षणं हळूहळू दिसतात: एका ग्रुपचे दोन ग्रुप होतात, चार क्लिक दिले तर नेम हलत नाही आणि पुढची फैर झाडल्यावर एकदम सरकतो, रेटिकल (नेम धरायच्या रेघा) किंचित फिरलेलं दिसतं. खात्रीसाठी चौकोन झाडा. एकाच बिंदूवर नेम धरून २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर तीन फैरी. शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला नाही तर संशय पक्का. त्याआधी रिंगा मात्र तपासाच.

प्रतिसाद ५ — खाचखळगे

रिंगांचं तेवढ्यात सांगून टाकतो. बेस, रिंगा आणि ट्यूब अल्कोहोलने पुसून तेल काढा. रायफल मागे जाते तेव्हा स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे रायफलीच्या हिशेबात पुढे सरकतो. म्हणून रिंग पिकॅटिनी खाचेत पुढे रेटून मगच आवळायची. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. जास्त आवळलं तर ट्यूब चेपते आणि आतला इरेक्टर अडकतो, मग दोष स्कोपच्या माथी. शेवटी मागच्या रिंगेच्या मागच्या कडेला ट्यूबवर पेन्सिलची बारीक रेघ मारा. रेघ रिंगेखाली गेली की स्कोप पुढे सरकलाय.

कोरं_टार्गेट

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. टँगच्या मागे फट किती हवी, आणि लग पूर्ण बसलाय की कोपऱ्यावर, हे दस्ता न कापता कळतं का?

प्रतिसाद ६ — खाचखळगे

कळतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, नळी वर करून उभी धरा. एका हाताचं बोट नळी आणि दस्त्याचं टोक यांच्या सांध्यावर ठेवा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाला नळी दस्त्यापासून दूर जाताना जाणवली तर अ‍ॅक्शन सपाट बसलेली नाही, स्क्रूने वाकवून धरलेली आहे.

मग अ‍ॅक्शन बाहेर काढा. लगच्या मागच्या बाजूला मेणबत्तीची काजळी धरा, परत बसवा, स्क्रू आवळा, बट जमिनीवर हलकेच आपटा आणि पुन्हा काढा. लाकडावर काळा डाग पूर्ण रुंदीत उमटला तर उत्तम. एका बाजूला नखाएवढाच असेल तर एकही पिशवी ठेवण्याआधी बेडिंग करून घ्या. इपॉक्सी लावताना लगच्या पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली टेपचा एकेक थर, मागची बाजू उघडी. रिलीज एजंट सगळीकडे, स्क्रूंच्या आट्यांवरसुद्धा. ते विसरलं तर अ‍ॅक्शन आणि दस्ता कायमचे एकजीव.

टँगच्या मागे अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट ठेवा. फीलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) ०.५ चं पान सहज गेलं पाहिजे.

पिलर नसलेल्या लाकडाला अ‍ॅक्शन स्क्रू ३५ ते ४० इंच-पाउंड पुरे, साधारण ४ ते ४.५ न्यूटन-मीटर. पिलर असतील तर ६५ पर्यंत. लाकूड दबतं, त्यामुळे प्रत्येक बैठकीआधी टॉर्क तपासा. सैल स्क्रूवर अ‍ॅक्शनला धावायला जागा मिळते आणि लग हातोड्यासारखा काम करतो.

तडा बघायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. पृष्ठभाग काही सेकंदांत वाळतो, तड्यातलं अल्कोहोल मागे राहतं आणि काळी रेघ दिसते.

प्रतिसाद ७ — वाळूची_पिशवी

रेस्ट घेतलात तर मांडणी अशी ठेवा. शिसं शून्यापासून सुरू करा, गरज वाटली तर ५ किलो, फार तर १०. बाकाचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा आणि मागे रेस्ट सरकायला हातभर जागा. बाकाला क्लॅम्प, खिळा, दोरी काही नको, आणि रेस्ट मागे कशाला टेकवू नका. मागच्या कपात २० मिलिमीटरचं मऊ रबर घाला. ते १५ मिलिमीटर दाबलं गेलं तरी वरचे २०० पट ४० पटीवर येतात. पुढचा आधार दस्त्याखाली, नळीखाली कधीच नाही. रेस्टचा पुढचा पट्टा आवळून बांधू नका, रायफल उडू नये एवढाच सैल ठेवा. आणि खांदा लावायचाच! रेस्ट आहे म्हणून हवेत ठेवून चाप ओढला तर रेस्ट सरकताना स्कोपची कड भुवईत बसते.

एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही. रेस्टवरचा झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं) हा रेस्टचाच झिरो. गोळी नळीत असतानाच रायफल उसळायला लागते आणि ती कशी उसळते हे आधारावर अवलंबून असतं. त्यामुळे शेवटच्या पाचेक फैरी ज्या पद्धतीने रायफल वापरणार तशाच, म्हणजे दस्त्याखाली मऊ पिशवी आणि बट खांद्यात, झाडून मगच टरेट शून्यावर आणा.

तुमच्या अडचणीला मात्र मी रेस्ट घेतलाच नसता. पुढे साधा रेस्ट, मागे पिशवी, खांद्यावर जाड रिकॉइल पॅड, आणि बाक एवढा उंच की पाठ सरळ राहील. पुढे वाकून बसलं की धक्का गळ्याच्या हाडाशी बसतो, खांद्याच्या मांसात नाही, आणि बाकावर रायफल जास्त लागते ती त्यामुळे. झिरोला १८० ऐवजी हलकी गोळी घ्यायचा मोह होईल, पण तिचा झिरो वेगळा. सरावाला ती वापरा, झिरोला नको.

कोरं_टार्गेट

काजळीची चाचणी केली. डाग फक्त डाव्या बाजूला, आणि टँगमागे ०.१ चं पानही जात नाही.

प्रतिसाद ८ — खाचखळगे

मग रेस्टचा विषय सध्या बाजूला ठेवा, ही रायफल खांद्यावरूनही एक दिवस चिरणारच. आधी टँगमागे धारदार पटाशीने पाऊण मिलिमीटर लाकूड काढा आणि उघड्या पडलेल्या रेषांना पातळ तेल नाही, वॉर्निश लावून ते बंद करा. मग लगचं बेडिंग, २४ तास हात न लावता. त्यानंतर काजळी पुन्हा धरून डागाचा फोटो टाका.