गांजावाल्यांना जामीनच नको म्हणे!

खानदेशी वकील: काल इथे एकाने लिहिलं, ‘गांजावाल्यांना थेट जन्मठेप द्या आणि जामीन कायमचा बंद करा.’ खाली ढीगभर टाळ्या. अहो, जामीन जवळजवळ बंदच आहे! वीस किलोच्या वर माल निघाला की एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा, असं जामिनाच्या टप्प्यावरच कोर्टाला वाटलं पाहिजे. दोषारोपपत्र दाखल करायला पोलिसांना १८० दिवस. गुन्हा शाबित झाला की किमान दहा वर्षं, न्यायाधीशाच्या हातात काही नाही. एमडीला (मेफेड्रोन पावडरीला) हीच शिक्षा ५० ग्रॅमच्या वर लागते. निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मारला तर जास्तीत जास्त पाच वर्षं, हेही लक्षात ठेवा.

आत कोण जातं? टेम्पोचा ड्रायव्हर. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून पोती भरून देणारा कोर्टात मला तरी कधी दिसला नाही. शिरपूरकडे तुरीत लावलेली झाडं उपटली की मुळं, देठ, पाला सगळं काट्यावर. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. निम्मा युक्तिवाद त्या ओल्या पाल्याच्या वजनावरच जातो.

सिडकोची ताई: वकीलसाहेब, तुमची फी चालू राहो. माझ्या बहिणीचा मुलगा अकरावीत. कंपासपेटीत सिगारेट वळायचे पातळ कागद सापडले तेव्हा कळलं. पुडी क्लासखालच्या टपरीवर मिळायची. वर्षभरात गांजावरून एमडीवर गेला. तुमचा फुलोरा तिला समजावून सांगा जरा.

खानदेशी वकील: टपरीवाल्याला सोडा असं मी कुठे म्हटलं? आणि ओढताना सापडलेला अठरा पूर्ण असेल तर त्यालाही सहा महिने होऊ शकतात. स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यातून सूट देणारं कलम ६४-अ आहे, पण ते कुणी सांगत नाही.

सिडकोची ताई: ६४-अ माहीत नव्हतं. बरं झालं, एक तरी कामाची गोष्ट बोललात.

वर्धेकर: गांजाचं काय घेऊन बसले भाऊ! आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. या, दाखवतो कुठे कुठे मिळते ते. बंदीनं फक्त भाव वाढतो अन् हप्ता वाढतो.

चांद्याची सून: चंद्रपुरात २०१५ला बंदी आली तेव्हा नवऱ्याचा पगार पहिल्यांदा पुरता घरी आला. २०२१ला उठवली. आता पुन्हा पंधरा तारखेला उधारी. तुमच्या हप्त्याच्या हिशोबात हे बसतं का?

वर्धेकर: बंदीत तुमच्याकडे नकली दारू येत नव्हती काय? पिणारा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीला जाऊन पीत होता.

चांद्याची सून: वणीला जायला बसभाडं लागतं. रोज नव्हता जात.

वर्धेकर: बरं बाई, बसभाड्यानं वाचवलं तुम्हाले. मग गडचिरोलीत १९९३ पासून बंदी हाय, तिथं मोहाची हातभट्टी काय बसनं येते?

खानदेशी वकील: मंडळी, विषय गांजाच्या शिक्षेचा होता.

चांद्याची सून: तुमचा ड्रायव्हर बिचारा, आणि आमचं घर म्हणजे विषयांतर? दारू विकणाऱ्याला परवाना अन् गांजावाल्याला दहा वर्षं, हे पटत नाही ना तुम्हाला? मलाही नाही. दोघांनाही आत टाका.