बँकेत ‘इन्व्हेस्टमेंट स्पेशालिस्ट’ची जागा मिळतेय, घ्यावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत एका खासगी बँकेच्या शाखेत ऑपरेशन्सला आहे. एम.कॉम., वय 29. कॅश, क्लिअरिंग, लॉकर, केवायसी सगळं करून झालंय. आता बँकेतच इन्व्हेस्टमेंट प्रॉडक्ट स्पेशालिस्टची जागा निघालीय. सांगली, मिरज, कराड आणि कोल्हापूर मिळून बारा शाखा बघायच्या. एचआर म्हणतं, “विकायचं आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने), तुम्ही फक्त नॉलेज पार्टनर.” हे आमच्या शाखाधिकाऱ्यांना सांगितलं तर ते नुसते गालातल्या गालात हसले.

खरंच विक्री नसते का? एनआयएसएमची (म्युच्युअल फंड विकायला लागणारी) परीक्षा पुरते की सीएफपी (फायनान्शियल प्लॅनरचं प्रमाणपत्र) करावं लागेल? आकडेमोड मला आवडते, पण लोकांशी गोड गोड बोलणं जमत नाही. घरचं मत: आहे ते सोडू नकोस. या कामातलं कुणी असेल तर स्पष्ट सांगा.

पर्वतीपायथा

शाखाधिकारी उगाच नाही हसले. विक्री असतेच. फक्त टारगेट तुमच्या एकट्याच्या नावावर नसतं, बारा शाखांची बेरीज होऊन येतं. मिरजेचा आरएम निवांत बसला तरी क्लस्टर हेडचा (सगळ्या शाखांवरच्या साहेबाचा) फोन तुम्हालाच.

मी पुण्यात हेच काम करते. आधी आरएम होते, त्यामुळे दोन्हीकडचं माहिती आहे. सकाळी कुठल्या तरी फंड हाउसच्या (म्युच्युअल फंड कंपनीच्या) माणसाचा कॉल, त्यातला अर्धा वेळ त्यांच्या एनएफओचं, म्हणजे नव्या फंड योजनेचं कौतुक. मग दिवसभर जॉइंट कॉल. म्हणजे जो ग्राहक आरएमला एकट्याने आवरत नाही, त्याच्याकडे तुम्हाला घेऊन जातात. “आमच्या मुंबईच्या तज्ज्ञ मॅडम आल्यात” अशी ओळख करून देतात. मी राहते पर्वतीला!

गेल्या जेएफएममधली एक केस सांगते. (जानेवारी-फेब्रुवारी-मार्च म्हणजे जेएफएम. या तीन महिन्यांत घरच्यांनी आमच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवू नये.) चिंचवडचे एक काका, वय 61, कंपनीतून निवृत्त, फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे बचत खात्यात पडून. आमच्या आरएमने विम्याची गॅरंटीड योजना जवळपास पक्की केलेली. वर्षाला 1 लाख, 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 20 लाख हातात. “काका, सरळ दुप्पट!” काकाही खूश. मी फक्त सही व्हायच्या आधी दोन शब्द बोलायला गेले होते.

मी लॅपटॉप उघडला. एक्सेलच्या एका रकान्यात वरून खाली दहा वेळा उणे 1 लाख, त्याखाली दहा शून्यं, त्याखाली 20 लाख, आणि शेवटी आयआरआरचं (वर्षाला प्रत्यक्ष किती टक्के परतावा पडतो त्याचं) सूत्र. उत्तर साडेचार टक्के. काकू चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “अहो, यापेक्षा आपली एफडी बरी की!” शिवाय ते 20 लाख यायचे ते काकांच्या 81व्या वर्षी. त्या पैशांतले 30 लाख शेवटी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. एप्रिल 2023 पासून तिची मर्यादा 15 वरून 30 लाख झालीय. दर 8.2 टक्के धरला तर दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात. आमच्या स्कोअरकार्डात (कामाच्या गुणपत्रकात) त्या 30 लाखांना गुण शून्य. आरएम परतीच्या वाटेवर चकार शब्द बोलला नाही.

म्हणून सांगते, पगाराच्या आकड्याआधी स्कोअरकार्ड मागून घ्या. विक्री ग्रॉस (फक्त आलेले पैसे) धरतात की नेट (आलेले वजा काढलेले), हे पहिलं बघायचं. ग्रॉस असेल तर एका फंडातून काढून दुसऱ्यात टाकलं तरी ते ‘नवीन काम’ ठरतं, आणि का काढलं याचं कारण तयार करायला तुम्हालाच बसवतात. ग्राहकाला एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) लागतो, इक्विटीत वर्षाच्या आत काढलं तर नफ्यावर 20 टक्के कर वेगळा. नेट असेल तर हा खेळ आपोआप थांबतो.

मग विम्याचा वाटा किती ते बघा. म्युच्युअल फंडातलं आगाऊ कमिशन सेबीने (बाजाराच्या नियामकाने) ऑक्टोबर 2018 मध्ये बंद केलं. आता पैसा राहील तोवर थोडं थोडं कमिशन (ट्रेल) मिळतं. विम्यात मात्र पहिल्याच वर्षी घसघशीत कमिशन येतं. फेब्रुवारीत सगळे फोन विम्याचेच का असतात, हे यावरून कळेल.

आणि तुमचं अप्रेझल कोण लिहितं? मुंबईची प्रॉडक्ट टीम लिहीत असेल तर चिंचवडसारखी केस पचते. क्लस्टर हेड लिहीत असेल तर दर ‘नाही’चा हिशोब एप्रिलमध्ये होतो. फॉर्मवर ईयूआयएन (विकणाऱ्याचा ओळख क्रमांक) आरएमचा असतो, पण ग्राहक हो म्हणतो ते तुमच्याकडे बघून. काही बिनसलं तर फोनही तुम्हालाच येतो.

परीक्षेचं फार घेऊ नका. एनआयएसएम पाच-ए, म्हणजे तीच परीक्षा, 100 गुणांची, 50 ला पास, निगेटिव्ह मार्किंग नाही, प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. ऑपरेशन्समधला माणूस नोकरी सांभाळून काढतो. सीएफपी नंतर, जमल्यास बँकेच्या खर्चाने. त्याआधी रोखे शिका. डेट फंडाच्या (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या) फॅक्टशीटवर मॉडिफाइड ड्युरेशन (व्याजदर बदलला की किंमत किती हलते त्याचं माप) 7 दिसलं, तर बाजारातले व्याजदर 1 टक्क्याने वाढल्यावर एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) साधारण 7 टक्के खाली येणार, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. “डेट फंड म्हणजे एफडीच ना हो?” हा प्रश्न बाराही शाखांत रोज येणार.

गोड बोलण्याचं म्हणाल तर ती कामगिरी आरएमची.

गिरगावकर_डीलर

वरचा प्रतिसाद उत्तम. ब्रोकरेजची बाजू मी सांगतो. आमच्याकडे प्रॉडक्ट स्पेशालिस्ट म्हणजे पूर्वी बहुतेक वेळा एफ अँड ओचा (फ्युचर्स-ऑप्शन्सचा) माणूस. सकाळी साडेआठला डीलर आणि सब-ब्रोकरसोबत कॉल, आज कुठली स्ट्रॅटेजी चालवायची यावर चर्चा. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीचा अहवाल आला: आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत एफ अँड ओमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून दर एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी (दर आठवड्याला सौदे संपण्याचा दिवस) राहिली. बुधवारी असायची ती बँक निफ्टीची गेली, तशी आमच्या त्या दिवसाची रयाच गेली. आता त्याच लोकांना पीएमएस (ग्राहकाची गुंतवणूक वेगळी सांभाळण्याची सेवा) विकायला सांगतात, किमान 50 लाखांचं. दहा-दहा हजार घेऊन ऑप्शन खेळणाऱ्या क्लायंटमधून 50 लाखवाला शोधायचा! सांगलीत राहून काम मिळत असेल तर बँकच बरी. फक्त पर्वतीताईंनी सांगितलेला कागद बघितल्याशिवाय सही करू नका.

ठाणेकर_खातेदार

मी टेबलाच्या पलीकडचा. माझ्या वडिलांना बँकेतल्या अशाच एका तज्ज्ञाने “एफडीपेक्षा चांगलं व्याज, बँकेचेच बाँड” म्हणून एटी-1 रोखे घ्यायला लावले. ‘बँक अडचणीत आली तर हे शून्य होऊ शकतात’ हे वाक्य त्यांच्यासमोर कुणी उच्चारलं नाही. मार्च 2020 मध्ये ते शून्य झाले. नंतर ऑक्टोबरमध्ये सेबीने या रोख्यांचा किमान व्यवहार 1 कोटीचा केला, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी दार बंद. वडिलांचे पैसे तोवर गेलेच होते. शाखेत चौकशी केली तर ‘त्या सरांची बदली झाली’. कृष्णाकाठ, तुम्ही सांगलीतच राहणार असाल तर एक लक्षात घ्या. ग्राहक तुम्हाला मारुती रोडवर भाजी घेताना गाठणार.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ठाणेकर, वाचून वाईट वाटलं.

पर्वतीताई, एचआरकडे स्कोअरकार्ड मागितलं तर ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणाले. पण या जागेवर आधी जे होते त्यांना कोल्हापुरात जाऊन भेटलो. ते म्हणाले, विम्याला 60 टक्के वजन, म्युच्युअल फंड ग्रॉस, आणि अप्रेझल क्लस्टर हेडकडे. त्यांनी दीड वर्षात सोडलं.

पर्वतीपायथा

मग ती जागा विमा विक्रीची आहे, पाटी तेवढी वेगळी. माझ्या मते घेऊ नका.

पण विषय सोडू नका. पाच-ए आत्ताच द्या, आणि तुमच्या बँकेच्या मुंबईतल्या प्रॉडक्ट टीमची जागा कधी निघते यावर डोळा ठेवा. तिथे योजनांची छाननी होते, शाखांना काय विकायला द्यायचं ते ठरतं. तुमच्यासारखा आकडेमोडीचा माणूस त्यांना हवाच असतो. घर सांगलीला आणि भाडं मुंबईचं, हा हिशोब मात्र आधी घरच्यांसमोर मांडून बघा. आणि कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना परत फोन करून विचारा, सोडून ते गेले कुठे?

कृष्णाकाठ

विचारलं. ते आता स्वतःचा एआरएन (म्युच्युअल फंड वितरकाचा नोंदणी क्रमांक) काढून राजारामपुरीत ऑफिस थाटतायत. मला म्हणाले, “येतोस का?” आता त्यासाठी नवा धागा काढतो.